होडीचा लेप आणि होडीवरचा हात

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात प्रतिवर्षी शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील खर्च आणि ज्ञातीचा पूर्वेतिहास ह्या विषयांवर व्याख्याने होतात, आणि ती व्हावयास हवीतच. परंतु ज्या साधनाच्या आधारावर आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्या होडीविषयी ह्या व्यासपीठावरून क्वचितच बोलले जाते. चालकांनी यंदा विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही हाच विषय घेण्याचे ठरविले. आमचे आयुष्य मुलांना गणित आणि सामान्य विज्ञान शिकविण्यात गेले. तेव्हा आजचे बोलणे थोडेसे वर्गातल्यासारखे वाटल्यास श्रोत्यांनी गोड मानून घ्यावे.

विषय असा. अलीकडे बंदरांवर एक नवा लेप विकावयास येऊ लागला आहे. त्यास सिरॅमिक लेप म्हणतात. लहानशा बाटलीत पाण्यासारखा पातळ द्रव असतो, किंमत मात्र मोठी असते, आणि विकणारा सांगतो की, एकदा हा लावा आणि मग कित्येक वर्षे होडीकडे पाहू नका. आपल्यातील अनेक तरुणांनी कर्ज काढून फायबरच्या होड्या घेतल्या आहेत. कोणी मासेमारीसाठी, कोणी पर्यटकांस समुद्रदर्शन घडविण्यासाठी. ते आम्हांस विचारतात, हा लेप घ्यावा की न घ्यावा, आणि घेतल्यास तो स्वतः लावता येईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही प्रथमच देऊन टाकतो. लेप चांगला आहे, तो स्वतः लावता येतो, आणि स्वतःच लावावा. परंतु 'होडीकडे पाहू नका' हा जो उपदेश त्या बाटलीबरोबर मिळतो, तो मात्र बाटलीवाल्यास परत करावा.

आपले वाडवडील काय करीत असत, ते आधी आठवू. पावसाळा तोंडावर आला म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवीत. त्याआधी तळावरचे शेवाळ व शिंपले खरवडून काढीत, फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजविलेल्या कापसाचे बोळे ठोकून भरीत आणि लाकडास मोरीच्या किंवा तारलीच्या तेलाचा हात देत. तळास चुना आणि तेल किंवा चरबी एकत्र मळून लावीत. कोठे राळ, कोठे डांबर. ह्या लेपांस दुर्गंधी येई आणि ते एका हंगामापलीकडे टिकत नसत. आज आपण म्हणतो की तो केवढा उपद्‌व्याप होता! परंतु त्या उपद्‌व्यापात एक मोठा लाभ दडलेला होता. प्रतिवर्षी घरच्या माणसाचा हात होडीच्या नाळेपासून सुकाणूपर्यंत प्रत्येक फळीवरून फिरत असे. कोठे लाकूड मऊ लागले, कोठे खिळा ढिला झाला, कोठे किड्याने सुईच्या अग्राएवढे छिद्र केले, हे त्या हातास कळे. लेप हे निमित्त होते. खरी गोष्ट होती ती तपासणी.

ज्याला आपण किडा म्हणतो तो वस्तुतः किडा नव्हे, तो शिंपल्यांच्याच कुळातला प्राणी आहे. लहानपणी तो लाकडात शिरतो, आतल्या आत वाढत जातो, आणि बाहेरून फळी धडधाकट दिसत असता आतून चाळणी झालेली असते. तळाला चिकटणारे खरखरीत कवचाचे बार्नेकल हे झिंगे-खेकड्यांचे नातलग आहेत. होडी पाण्यात गेल्यावर काही तासांतच तिच्यावर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, आणि आपल्यासारख्या उष्ण समुद्रात थोड्याच दिवसांत त्यावर हे कवचधारी येऊन बसतात. मग होडी जड होते, इंजिनास जोर पडतो आणि डिझेलचा खर्च वाढतो.

ह्या शत्रूशी माणसाने दिलेला झगडा मोठा बोधप्रद आहे. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. नौका वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रात हिंडून आली, तेव्हा तळ स्वच्छ होता आणि किडा लागलेला नव्हता. परंतु १७६३ च्या तपासणीत आढळले की, तांब्यास भिडलेले लोखंडी खिळे गंजून पार खलास झाले होते. जेथे तांबे आणि लोखंड ह्यांच्यामध्ये कागदाचा पापुद्रा राहून गेला होता, तेथले खिळे मात्र शाबूत होते. दोन निराळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस भिडले, तर त्यांतील एक दुसऱ्यासाठी झिजतो, हा धडा त्यांस असा मिळाला. पुढे १८२४ साली सर हंफ्री डेव्ही ह्या रसायनशास्त्रज्ञाने ह्याच तत्त्वाचा उपयोग उलट दिशेने केला. तांब्यास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे ते तुकडे झिजतील आणि तांबे राहील. तांबे राहिले खरे, पण त्याबरोबर शेवाळ आणि शिंपलेही जोमाने धरू लागले! कारण तांबे तळ स्वच्छ ठेवी ते स्वतः थोडथोडे पाण्यात विरघळूनच. त्याचे झिजणे थांबले, तसे त्याचे राखणेही थांबले.

श्रोतेहो, ह्या गोष्टीतील मर्म ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाण्याखालचा लेप झिजून राखतो. आज तळास जो शिंपलेरोधक रंग लावतात, त्यात बहुधा तांब्याचाच एक ऑक्साइड असतो आणि तो हळूहळू पाण्यात सुटत राहतो. म्हणूनच तो वेळोवेळी पुन्हा लावावा लागतो. मोठ्या जहाजांस सिलिकोनचे अतिशय गुळगुळीत लेप लावण्याची पद्धतही आता आली आहे. त्यांवर प्राणी बसला तरी जहाज वेगाने चालू लागताच घसरून पडतो. तो प्रकार निराळा, आणि आपल्या बाटलीतला सिरॅमिक लेप निराळा. ह्या दोहोंत गल्लत करू नये.

मग हा सिरॅमिक लेप आहे तरी काय? नावावरून वाटते की चिनी मातीच्या बरणीसारखे काही भट्टीतून काढलेले असावे. तसे काही नाही. त्यात मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूचे आणि काचेचे जे मुख्य द्रव्य तेच, विशिष्ट रसायनांच्या रूपाने विरघळविलेले असते. लावल्यावर द्रावक उडून जातो, हवेतील ओलाव्याने तो थर आवळत जातो आणि काचेसारखा कठीण, पारदर्शक पापुद्रा मागे राहतो. त्याची जाडी बहुधा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजावी लागते. माणसाचा केस सुमारे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, तर हा पापुद्रा पुष्कळदा दोन-चार मायक्रॉनही भरत नाही. तेव्हा तो ओरखडे भरून काढील, भेगा बुजवील किंवा धक्क्याचा दगड लागल्यास होडी वाचवील, ही आशा व्यर्थ होय. जाहिरातीत '९एच' असा कठीणपणाचा आकडा असतो. तो आकडा पेन्सिलीचा आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण एचबी, २एच अशा पेन्सिली वापरतो, त्याच मालिकेतील ९एच ही अतिशय कठीण पेन्सिल. तिने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिंपल्यांनी भरलेल्या खडपाशी त्याचा काही संबंध नाही.

तरीही त्याचा उपयोग आहे, आणि तो पाणरेषेच्या वर आहे. फायबरच्या होडीस बाहेरून जेलकोटचा थर असतो. तो सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि होडीचे रूप व आतल्या काचतंतूंचे रक्षण त्याच्यावर अवलंबून असते. आपल्याकडच्या उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तो हळूहळू निस्तेज होतो. काळे फडके फिरविले, तर फळ्यावरच्या खडूसारखी पांढरी भुकटी हाती लागते. मग मालक तो घासून पुन्हा चकचकीत करतो. परंतु प्रत्येक घासण्यात त्या अर्ध्या मिलिमीटरातून काही भाग कायमचा जातो. जेलकोट हे मुद्दल आहे. घासणे म्हणजे मुद्दलाला हात घालणे. सिरॅमिक लेप ऊन आणि मीठ ह्यांस स्वतःच्या अंगावर घेतो, पाणी व मळ चिकटू देत नाही, आणि त्यामुळे मुद्दल मोडण्याची पाळी लांबणीवर पडते. खालचा लेप झिजून राखतो, वरचा लेप काही चिकटू न देऊन राखतो, एवढे सूत्र पाठ केले तरी पुष्कळ पैसे वाचतील. सतत पाण्यात बुडालेल्या तळास हा वरचा लेप लावून कोणी शिंपल्यांपासून सुटका होईल असे मानले, तर त्याची निराशा निश्चित आहे. लाकडी होडीच्या उघड्या फळ्यांसही तो लावू नये. लाकूड पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि काचेचा पापुद्रा त्याबरोबर हलू शकत नाही.

आता कृती सांगतो. प्रथम होडी गोड्या पाण्याने आणि साध्या साबणाने दोनदा धुवावी. धुताना उघड्या डोळ्यांनी पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर खडूने खूण करावी. रुपयाच्या नाण्याने सगळीकडे टकटक करीत जावे. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो. थर आतून सुटला असेल तेथे बद्द येतो. तळाला फोड आले असतील तर तेही टिपून ठेवावेत. ह्या दुरुस्त्या पुऱ्या झाल्यावाचून लेपाची बाटली उघडू नये. दोषावर काच बसविली म्हणजे दोष जात नाही, तो फक्त चकाकू लागतो.

नंतर खडूसारखी भुकटी जाईपर्यंत कंपाउंड लावून घासावे. फारच खराब झाले असेल तर पाण्यात भिजविलेल्या बारीक पॉलिश पेपराने आधी हलक्या हाताने घासावे, आणि शेवटी पॉलिश करावे. यंत्र असल्यास उत्तम, परंतु ते एका जागी धरून ठेवू नये. जेलकोट तापतो आणि जळतो. पॉलिशमधील तेल व जुने मेण काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ फडकी बदलीत, पुसून घ्यावे. पृष्ठभाग खरोखर निर्मळ झाला की नाही हे पाहावयाचे असेल, तर थोड्या जागेवर गोडे पाणी शिंपडावे. ते एकसारखे पसरले तर जागा स्वच्छ. त्याचे थेंब होऊन तुटले तर मेण अजून शिल्लक आहे. तपासलेली जागा मग पूर्ण वाळू द्यावी.

लेप लावण्यास दोन माणसे हवीत, एक लावणारा आणि एक पुसणारा. होडी सावलीत असावी, मांडव किंवा ताडपत्री चालेल. पृष्ठभागावर तळहात ठेवला असता चटका बसू नये, आणि दवाचा लवलेश नसावा. आधी हातभर जागेवर प्रयोग करून पाहावा. शितावरून भाताची परीक्षा. मग दोन फूट लांब व दोन फूट रुंद असा चौकोन घ्यावा. मऊ कापड गुंडाळलेल्या ठोकळीवर थोडे थेंब घेऊन आधी आडवे आणि मग उभे हात फिरवावेत. थोड्या वेळाने पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी छटा उमटते, ती पुसण्याची खूण होय. आपल्या दमट हवेत ती लवकर उमटते, म्हणून पुसणाऱ्याने लक्ष दुसरीकडे जाऊ देऊ नये. उशीर झाला तर डाग कठीण होतो आणि पुन्हा घासावे लागते. पुढचा चौकोन आधीच्यावर दोन बोटे चढवून घ्यावा. वापरलेले फडके वाळून खरखरीत होते. ते पुन्हा वापरू नये. लावल्यानंतर निदान एक दिवस पाणी लागू देऊ नये, आणि पूर्ण कठीण होण्यास आठवडाभर लागतो असे धरून चालावे. ह्या मुदतींचे आकडे प्रत्येक बाटलीवर निरनिराळे असतात. तेथे जे छापले असेल ते प्रमाण मानावे.

थोडे गणित करू. चोवीस फुटांची होडी आणि पाण्यावर दिसणारी बाजू सरासरी तीन फूट उंच धरली, तर दोन्ही बाजू मिळून १४४ चौरस फूट होतात. मागच्या बाजूचे १६ धरले, तर एकूण १६०. चार चौरस फुटांचा एक चौकोन, म्हणजे ४० चौकोन. प्रत्येकास पाच मिनिटे म्हटली, तर २०० मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. आता धुणे, पाहणे, घासणे आणि पुसणे ह्यांस दोन पूर्ण दिवस, म्हणजे सोळा तास तरी हवेत. तेव्हा सबंध कामात लेपाचा वाटा सुमारे सहावा. उरलेले पाच वाटे तयारीचे. विकणारा आपणांस ह्या सहाव्या वाट्याची कीर्ती सांगतो. पाच वाटे आपल्या हातांत आहेत, आणि ते कोणत्याही बाटलीत मिळत नाहीत.

वेळेविषयी दोन शब्द. आपल्या राज्यात पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. होडी शाकारलेली असते तो काळ तपासणीचा आणि दुरुस्तीचा. तळाचा शिंपलेरोधक रंग नारळी पौर्णिमेच्या सुमारास, होडी पाण्यात लोटण्यापूर्वी, उघाड पाहून द्यावा. रंग दिल्यावर किती दिवसांच्या आत होडी पाण्यात गेली पाहिजे, हे डब्यावर लिहिलेले असते. सिरॅमिक लेपास मात्र पावसाळा अयोग्य आणि वैशाखाचे ऊनही अयोग्य. दिवाळीनंतर उधाणाच्या भरतीस होडी वर घ्यावी, आणि सकाळी दव वाळल्यावर कामास लागावे. इंजिनाजवळ जस्ताची वडी बसविलेली असते, ती म्हणजे डेव्हीचीच विद्या. तिच्यावर रंग किंवा लेप चढवू नये. तिने झिजावे म्हणूनच तिला बसविलेले असते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. हे काम करताना पुष्कळ जण उघड्या तोंडाने घासतात. जेलकोटची, काचतंतूंची आणि तांबेयुक्त रंगाची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. जुना तळरंग कधीही कोरडा घासू नये, ओला करूनच घासावा. चांगला मुखवटा, चष्मा आणि हातमोजे ह्यांचा खर्च लेपाच्या खर्चातच धरावा. अल्कोहोल व द्रावक पेट घेतात, तेथे विडी ओढू नये. दोन डबे मिसळून करावयाचे पॉलियुरेथेन रंग घरगुती फवाऱ्याने उडवू नयेत. त्यांतील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो.

आणि तळावरून जे खरवडाल ते खाडीत जाऊ देऊ नका. ह्याचे कारण फ्रान्समध्ये घडले आहे. तेथील आर्काशोंच्या उपसागरात कालवांची मोठी शेती चालते. तळरंगात त्या काळी ट्रायब्युटिलटिन नावाचे जहाल विष घालीत. १९७० नंतरच्या दशकात तेथील कालवांची कवचे वेडीवाकडी होऊ लागली, पिल्ले जगेनात आणि शेतकऱ्यांचे दिवाळे निघाले. फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांवर ह्या रंगास बंदी केली. पुढे २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. ओहोटीला खडपांवर जाऊन कालवे फोडणाऱ्या आणि चिखलातून तिसऱ्या वेचणाऱ्या भगिनी ह्या सभेत बसल्या आहेत. होडीच्या तळाला जे लागते ते शेवटी त्यांच्या टोपलीत येते. म्हणून होडीखाली ताडपत्री पसरावी, खरवड गोळा करावी आणि ती पाण्यापासून दूर नेऊन टाकावी. तांबेही प्रमाणाबाहेर गेले तर विषच आहे.

शेवटी एक शंका. काही सुशिक्षित तरुण म्हणतात, आम्ही शिकलो ते काय होडी घासण्यासाठी? पैसे दिले की कारागीर येऊन करून जाईल. कारागिरास अवश्य बोलवावे, परंतु स्वतः जवळ उभे राहावे, आणि निदान पहिल्या वर्षी त्याच्याबरोबर हात चालवावा. कारागीर लेप लावून निघून जातो. पुढच्या आषाढात वादळात सापडते ती होडी आपली आणि तिच्यातली माणसेही आपली. बद्द आवाज कोठे येतो हे ज्याने स्वतःच्या कानाने ऐकले नाही, त्यास चकाकीवर विश्वास ठेवावा लागतो. शिक्षणाने हात मऊ व्हावेत असा त्याचा उद्देश कधीच नव्हता. त्याने डोळा तीक्ष्ण व्हावा एवढाच होता.

म्हणून संस्थेपुढे आम्ही तीन सूचना ठेवितो. पहिली, एक पॉलिशयंत्र, दोन चांगले मुखवटे आणि एक मोठी ताडपत्री संस्थेने सामाईक विकत घ्यावी आणि सभासदांस नाममात्र भाड्याने द्यावी. दुसरी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी एक होडी घेऊन सर्वांसमक्ष हे काम करून दाखवावे, आणि त्या दिवशी मुलांप्रमाणे मुलींनाही हातात फडके द्यावे. तिसरी सूचना घरोघरच्या भगिनींस आहे. पुष्कळ घरांत हिशेब त्याच ठेवितात. त्यांनी होडीच्या नावाने एक चोपडी घालावी. धुतले कधी, काय आढळले, कोणता लेप कोणत्या तारखेस लावला, तो किती टिकला, डिझेल किती लागले, हे तीत लिहावे. दहा वर्षांनी ही चोपडी कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक खरे बोलेल, आणि आज मुंबईस चाकरीत असलेला मुलगा उद्या परतून आला तर त्यास तीच गुरू होईल.

पूर्वजांचे तेल गेले, चुना गेला. उद्या हा काचेचा लेपही जाईल आणि त्याहून चांगला येईल. येवो. परंतु नाळेपासून सुकाणूपर्यंत फिरणारा घरचा हात गेला, तर त्याच्या जागी लावण्यासारखे काही बाजारात नाही. तो हात आपल्या घरांतून जाऊ नये, एवढीच प्रार्थना.